दुकानदार म्हणतो बसवणी चुकली, मेकॅनिक म्हणतो रॅकच खराब

प्रश्न : माझी गाडी चौदा वर्षांची आहे. पॉवर स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा, तेलाच्या दाबावर चालणारा भाग) गळायला लागला. नवा परवडेना, म्हणून मी स्वतःच एका दुकानातून रिकंडिशन केलेला रॅक आणला. बिलावर सहा महिन्यांची गॅरंटी लिहिली आहे. गॅरेजने तो बसवला, मी मजुरी चुकती केली. सात आठवड्यांत पुन्हा गळती आणि स्टिअरिंग जड. दुकानदार म्हणतो, स्टिअरिंगची तेलाची सिस्टीम न धुता बसवला. मेकॅनिक म्हणतो, रॅकच खराब होता. त्यातच गॅरेजने मला न विचारता रॅक उतरवला आणि त्याची मजुरी मिळेपर्यंत गाडी देत नाहीत. फसवणुकीची फिर्याद द्यावी का?

उत्तर : फिर्याद नको. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी समोरच्याचा हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दिसावं लागतं. तुमच्या हकिकतीत मला तसं काही दिसत नाही. दिसतो तो निष्काळजीपणा, बहुधा दोघांचाही.

सगळ्यात आधी तो उतरवलेला रॅक ताब्यात घ्या. दुकानदार “आणून द्या, बघतो” म्हणेल. पोच घेतल्याशिवाय देऊ नका. एकदा त्याने रॅक उघडून ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी चकत्या) बदलले, की तुमचा पुरावा गेला. रॅकवरचा नंबर, रॅकच्या टोकांवरचे फाटलेले किंवा तेलाने भरलेले बूट (रबरी आवरणं), तेलाचा रंग यांचे फोटो काढा. स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीतलं थोडं तेल स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. मग दोघांनाही लेखी कळवा, की अमुक दिवशी तिसऱ्या मेकॅनिकसमोर रॅक उघडणार आहे, हजर राहा. आले नाहीत तरी पत्र पाठवल्याचं तुमच्याकडे राहील.

आता मूळ भांडण. एक खरा म्हणजे दुसरा खोटा असं इथे नाही. इतक्या जुन्या गाडीत तेलाला दाब देणारा पंप आणि होज (नळ्या) हेही तितकेच जुने असतात. पंप झिजला की धातूचा चुरा तेलात मिसळतो आणि सिस्टीम न धुता नवा रॅक जोडला तर तोच चुरा त्याचे सील खातो. म्हणून जुनं तेल काढून सिस्टीम धुणं, नवं तेल भरून हवा काढणं हा बसवणीचाच भाग धरला जातो. गॅरेजने हे केलं नसेल, तर “रॅक तुम्ही आणलात” एवढ्याने त्यांची सुटका होत नाही. आणि रॅक बघताक्षणीच वाईट वाटला होता असं मेकॅनिक आता म्हणत असेल, तर त्याला विचारा, बसवण्याआधी का नाही सांगितलं? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) प्रमाणे निष्काळजीपणा ही सेवेतली त्रुटी आहेच, पण माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा आहे. त्याचा बचाव त्याच्याच अंगाशी येतो. दुकानदाराचं म्हणाल, तर रिकंडिशन मालाकडून नव्याइतकी अपेक्षा धरता येत नाही, पण लिहून दिलेली गॅरंटी त्याला पाळावीच लागेल.

तुमची कच्ची बाजूही बघा. पंप बदलायला सांगितलं असताना तुम्ही नको म्हणालात का? जॉबकार्डावर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) “ग्राहकाच्या जबाबदारीवर” असं लिहून तुमची सही घेतली आहे का? असेल तर दावा लुळा पडतो, आणि ते मला नंतर त्यांच्या वकिलाकडून कळण्यापेक्षा आत्ता तुमच्याकडून कळलेलं बरं. रॅक बदलल्यावर व्हील अलाइनमेंट केलं असेल, तर ती पावती शोधा. तिच्यावर तारीख आणि बहुतेक वेळा किलोमीटरही असतात. गॅरेजचं पक्कं बिल नसेल तर ती फार उपयोगी पडेल.

गाडी अडवण्याबद्दल : भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार कारागिराला आपल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. मात्र तुम्ही न सांगितलेल्या कामाला हा हक्क लागू होत नाही. “उघडून बघा” असं फोनवर बोलला असाल तर गोष्ट वेगळी. तरीही तत्त्वासाठी गाडी महिनोन्‌महिने तिथे सोडू नका. “हरकत राखून रक्कम भरत आहे” असं लिहून पैसे द्या, पावती घ्या, ती रक्कम पुढे दाव्यात मागा. गाडी टो करूनच न्या.

दोघांनाही मागणीची नोटीस पाठवा. तिला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दुकान आणि गॅरेज दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं, तर तो गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवून मोकळा होईल. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही (हे वकील असून मीच सांगतोय). रॅकची किंमत, दोन्ही वेळची मजुरी, टोचा खर्च आणि थोडी नुकसानभरपाई मागा. आख्ख्या गाडीची किंमत मागितलीत तर खरी मागणीही फुगवलेली वाटते. दोषाची तांत्रिक तपासणी लागली, तर आयोग माल प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच रॅक घरी आणल्यावर तो पुसून लख्ख करू नका. त्यावरचं काळं तेल तसंच राहू द्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि वर तारीख टाका.