तू कोण, हे तुला दिसणार नाही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘लोकांना माझी माहिती दिसते, मी दिसत नाही’ हे तुझं वाक्य मनातून जात नाही.

राजकीय विचारवंत हॅना आरेंटने 1958 मध्ये याच गाठीला हात घातला होता. शिक्षण, हुद्दा, गुणदोष हे सगळं ‘तू काय आहेस’ याचं उत्तर. ते हजारोंना लागू पडतं. ‘तू कोण आहेस’ हे चारचौघांत बोलताना, काही करताना उघड होतं, पण ते इतरांना. ग्रीकांचा दायमोन, म्हणजे प्रत्येकाच्या सोबत असणारा आत्मा, जन्मभर माणसाच्या खांद्यामागून डोकावतो. समोरच्याला दिसतो, त्या माणसाला स्वतःला कधीच नाही. ही उपमा तिचीच. तेव्हा स्वतःला नेमकं मांडून दाखवायचा आटापिटा सोड. ते तुझ्या हातात नाही.

आरेंटला हे नुसत्या वाचनातून सुचलं असेल असं मला वाटत नाही. 1937 मध्ये तिचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं गेलं, अमेरिकेचं मिळालं 1951 मध्ये. मधली 14 वर्षं ती कुठल्याच देशाची नव्हती. आपलं बोलणं जिथे मोजलं जाईल अशी जागाच गेली, की माणसाजवळ काय उरतं, हे तिने भोगलं होतं.

इटलीच्या तत्त्वज्ञ आद्रियाना कावारेरोने 1997 मध्ये एक प्रसंग सांगत हा धागा पुढे नेला. मिलानमध्ये प्रौढांच्या वर्गात दोन मैत्रिणी होत्या. एक आपली कहाणी पुन्हा पुन्हा सांगायची, पण तिला ती जुळवून लिहिता येईना. दुसरीने ती लिहून दिली. पहिली ते कागद कायम पर्समध्ये बाळगायची, वाचायची आणि भरून यायची. त्यात तिला ठाऊक नसलेलं काय होतं? काहीच नाही. पण तिचं विस्कळीत आयुष्य दुसऱ्या कुणाला तरी एक सलग गोष्ट म्हणून दिसलं होतं. मला हा प्रसंग कुठल्याही सिद्धान्ताहून मोठा वाटतो.

तरी त्या मैत्रिणींसारखं दोघांत जमेल तेवढ्यावर थांबू नकोस. भर सभेत कुणाला बोलू दिलं जातं, हा आरेंटचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पुढच्या पत्रात स्वतःबद्दल लिहू नकोस. तुमच्या बैठकीत एक जण कधीच तोंड उघडत नाही म्हणतोस ना, त्याच्याजवळ बस, ऐक, त्याला विचारून त्याची गोष्ट लिही. आणि ती आधी त्याला वाचायला दे. मला नंतर.