खोक्याचं घर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फ्रिजचं रिकामं खोकं आडवं ठेवून मुलांसाठी घर केलं. दोन दिवसांत भिंती मधोमध दबल्या आणि छत खाली आलं. पुठ्ठा तर चांगला जाड होता. मग चुकलं काय?
— वाचक, नाशिक

पुठ्ठा जाडच होता, त्याची दिशा बदलली. खोक्याची कापलेली कड पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद दिसेल, ती पन्हळ. थ्री प्लायमध्ये, म्हणजे तीन कागदांच्या पुठ्ठ्यात, पन्हळीचा एक थर असतो, पाच कागदांच्या फाइव्ह प्लायमध्ये दोन. खोकं उभं असताना पन्हळी उभ्या असतात आणि वरचा भार त्या पेलतात. तेच खोकं आडवं केलं की भिंतींतल्या पन्हळीही आडव्या होतात. मग मुलं रेलली की भिंत पन्हळीच्या रेषेवरच मुडपते.

खोकं उभंच ठेवा आणि १०५ ते ११० सेंटिमीटर उंचीवर कापा. उरलेला वरचा भाग छपराला लागेलच. दोन मुलांना जागा हवी असेल तर दोन खोकी शेजारी उभी करा. एकमेकींना टेकलेल्या भिंतींत वाट कापा, पण दोन्ही बाजूंना आणि खाली १०-१० सेंटिमीटर पुठ्ठा ठेवा. तो काढला तर सगळा डोलारा हलायला लागतो.

आडवं घर मोडायचं नसेल तर कोपऱ्यांत खांब घाला. २४ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, तिच्यात पन्हळ लांबीच्या दिशेनेच हवी. ७-७ सेंटिमीटरवर तीन घड्या घाला, उरलेले ३ सेंटिमीटर आत चिकटवा. हा तिकोनी खांब भिंतीच्या उंचीइतका कापून कोपऱ्यात बसवा. छताच्या मधोमध आणखी एक खांब दिला तर उत्तम.

खोक्याच्या वरच्या झडपा तिरक्या करून छप्पर करायला गेलो, तर त्या आढ्यावर, म्हणजे छपराच्या सर्वांत वरच्या रेषेवर, एकमेकींना भिडतच नाहीत. मापं घेऊनही असं का होतं?
— वाचक, सांगली

कारण झडपा सपाट बंद होण्यासाठी केलेल्या असतात. नेहमीच्या खोक्यात प्रत्येक झडप रुंदीच्या निम्मी असते. खोकं ७० सेंटिमीटर रुंद असेल तर झडप ३५. आढं २५ सेंटिमीटर उंच हवं असेल, तर एका पाख्याला, म्हणजे छपराच्या एका उताराला, साधारण ४३ सेंटिमीटर लागतात. म्हणजे प्रत्येक बाजूला ८ सेंटिमीटर कमी पडतात. तेवढी पट्टी जोडा आणि सांध्यासाठी ५ सेंटिमीटर जास्तीची धरा. समोरासमोरच्या उरलेल्या दोन झडपा २५ सेंटिमीटर उंचीच्या त्रिकोणात कापल्या की दुपाखी छपराच्या दोन तिकोनी भिंती तयार होतात. त्यांच्या तिरक्या कडांना २ सेंटिमीटरची वळती घडी ठेवलीत तर पाखं तिथेच चिकटतं. म्हणून त्रिकोण कापतानाच ही घडी आखून घ्या.

हा हिशेब मुलांकडून करून घ्या. फरशीवर खडूने ३५ सेंटिमीटर पाया आणि २५ उंचीचा काटकोनी त्रिकोण आखायचा आणि तिरकी बाजू टेपने मोजायची. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं. कटर मात्र मोठ्यांच्याच हातात हवा. मुलांसाठी खुणा करणं, कागद फाडून चिकटवणं, खिडक्या कुठे हव्यात ते ठरवणं, एवढं काम भरपूर आहे.

दार उघडझाप करून आठवड्यात बिजागरीच्या जागी फाटतं.
— वाचक, लातूर

बिजागरीची रेघ बहुतेक वेळा ब्लेडने अर्धी कापली जाते, तिथेच घोळ होतो. पट्टी धरून चमच्याच्या दांड्याचं टोक दाबून फिरवा. पुठ्ठा दबला पाहिजे, चिरला जाता कामा नये. घडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, जिथे काप थांबतो, तिथे पेन्सिलीच्या जाडीचं गोल भोक पाडा. फाटायला सुरुवात नेहमी त्या टोकदार कोपऱ्यातून होते. मग जुन्या सुती साडीची ५ सेंटिमीटर रुंद पट्टी फेव्हिकॉलने आतून-बाहेरून चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. दाराला कडी नको.

रंग दिल्यावर भिंती वाकड्या झाल्या. कंपनीच्या छापील अक्षरांवर रंग धरतही नाही.
— वाचक, ठाणे

एका बाजूने ओला झालेला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. रंग घट्ट कालवा, पण हात पातळ द्या, शक्यतो जोडणीआधी भाग सपाट असतानाच. पहिला हात वाळला की मागच्या बाजूलाही एक हात द्या म्हणजे ओढ सारखी होते.

छापील बाजूसाठी सोपा मार्ग म्हणजे खोक्याची आतली बाजू बाहेर काढणं. खोक्याच्या एका कोपऱ्यात उभा चिकटवलेला सांधा असतो. तिथे स्टीलची पट्टी घालून तो हळूच सोडवा, पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरने काढा. सगळ्या घड्या उलट दिशेने दाबून सांधा पुन्हा चिकटवा. तपकिरी कोरी बाजू बाहेर येते.

या तपकिरी रंगावर वारली चित्रं फार सुंदर उठून दिसतात. पांढरा पोस्टर कलर आणि टोक ठेचलेली बांबूची काडी पुरे. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघा यांतूनच माणसं, बैल, झाडं उभी राहतात, त्यामुळे लहान मुलंही पटकन हात घालतात. आधी गेरूचा हात द्यायचा असेल तर त्यात डिंकाचं पाणी मिसळा, नाहीतर गेरू कपड्यांना लागत राहतो. सांध्यांवर प्लॅस्टिकची चिकटपट्टी नको, तिच्यावर रंग टिकत नाही. तपकिरी कागदाच्या पट्ट्या चिकटवा.

पावसाळ्यात हे घर टिकेल का? शिवाय घर लहान आहे, रोज आवरून ठेवावं लागतं.
— वाचक, रत्नागिरी

दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, हे टाळता येत नाही. पण जास्त नुकसान खालच्या कडेचं होतं, कारण फरशी पुसताना तिथून पन्हळींत पाणी चढतं. त्या कडेला मात्र प्लॅस्टिकची चिकटपट्टी आतून-बाहेरून मुडपून लावा. पावसाळ्यात मैद्याची खळ वापरू नका, झुरळं आणि कसर येतात.

आवरण्यासाठी तळ कापून टाका आणि एक उभा सांधा न चिकटवता ठेवा. दोन्ही कडांना १५-१५ सेंटिमीटरवर भोकं पाडून बुटाच्या नाडीने बांधा. छप्पर सुटं ठेवा. नाडी सोडली की भिंती घडी होऊन कपाटामागे जातात, फक्त ते कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून नको.

आत दिवे लावले तर चालतील?
— वाचक, पुणे

पेन्सिल सेलवर चालणारी एलईडी माळ लावा आणि सेलच्या डबीचं झाकण स्क्रूने बंद होणारं घ्या. बटण सेलचे दिवे लहान मुलांच्या हाती देऊ नका, सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते. पणती, मेणबत्ती किंवा विजेचा बल्ब पुठ्ठ्याच्या घरात कधीही नाही, दिवाळीतही नाही.