बटण आहे, पण कुठे कुठे?

प्रश्न : डॉक्टरबाई, पेशीवर ‘मरणाचं बटण’ असतं, ते दाबलं की कॅन्सरची पेशी मरते, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. खाली एका काढ्याची जाहिरातही आहे. बटण खरंच असेल तर डॉक्टर केमो का देतात?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बटण खरं आहे. त्याचं नाव फास. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेलं असतं. बाहेरून त्याचा जोडीदार रेणू येऊन चिकटला की फासचे रेणू गोळा होतात, आतल्या बाजूने कॅस्पेज-८ नावाचं विकर जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं आणि ते पेशीतली प्रथिनं कापत सुटतं. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या भक्षक पेशी ते गिळतात. रोगांशी लढणाऱ्या आपल्या टी-पेशी शत्रूला मारायला हा मार्गही वापरतात.

१९८९ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पीटर क्रामर यांच्या गटाने असं बटण दाबणारी अँटिबॉडी उंदरांना टोचली. त्यांच्या अंगात वाढवलेली माणसाच्या कॅन्सरची गाठ विरघळली! पण ती अँटिबॉडी फक्त मानवी फास ओळखत होती. उंदराच्या स्वतःच्या पेशींना तिने हातच लावला नाही. १९९३ मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या शिगेकाझू नागाता यांच्या गटाने उंदराचाच फास ओळखणारी अँटिबॉडी दिली. उंदीर काही तासांत दगावले, कारण यकृताच्या पेशींवरही फास भरपूर असतो. तेव्हा तुमचा तो काढा खरोखर फासपर्यंत पोचत असेल, तर आधी यकृत सांभाळा.

पुढे १९९५ मध्ये पेशीवरची अशीच दुसरी बटणं दाबणारा ट्रेल हा रेणू सापडला. तो बहुतेक निरोगी पेशींना सोडून देतो, म्हणून आशा फार वाढल्या. रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र बहुतांशी निराशाच झाली. कॅन्सरच्या पेशी फ्लिप नावाचं प्रथिन जास्त बनवून कॅस्पेज-८ लाच अडवू शकतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती टीएनएफची युक्ती. हा त्याच कुळातला रेणू. मोठ्या मात्रेत सगळ्या शरीरात सोडला तर जीवघेणा. म्हणून हातापायाच्या सार्कोमात (स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कॅन्सरमध्ये) त्या अवयवाचा रक्तप्रवाह तात्पुरता वेगळा करून यंत्राने फिरवतात आणि औषध तेवढ्यातच सोडतात. १९९९ पासून युरोपात याला मान्यता आहे. पाय कापायची पाळी आलेल्या कित्येकांचे पाय त्यामुळे वाचतात.

आणि यातही टीएनएफसोबत मेल्फालान हे केमोचं औषध देतातच. शिवाय केमोच्या काही औषधांमुळे कॅन्सरच्या पेशींवर ट्रेलची बटणं वाढतात. त्यामुळे घरात कुणाची केमो चालू असेल, तर मेसेज वाचून ती थांबवू नका.