होडीचं इंजिन तीन वर्षं पडून आहे

प्रश्न : आमच्या मच्छीमार सोसायटीचं १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यात चालायचं. तीन वर्षांपासून शेडमध्ये पडून आहे. दोरी ओढली की फिरतं, पण नवीन पेट्रोल टाकूनही चालू होत नाही. मिस्त्री म्हणतो, सगळं खोलावं लागेल.
– एक वाचक, नवापूर

उत्तर : एवढ्यात खोलू नका. दोरीने फिरतंय म्हणजे पिस्टन जाम झालेला नाही. पण तसंच ओढत राहू नका. सिलिंडर कोरडे असतील तर रिंगा घासतात. दोन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात १० मिली टू-स्ट्रोक ऑइल सोडा. रात्रभर मुरू द्या, मग दोरीने सावकाश फिरवा.

करंट तपासण्याआधी स्टॉप बटणाची लाल दोरीवाली क्लिप जागेवर आहे ना ते बघा. ती निघालेली असली की करंट येतच नाही, आणि लोक उगाच कॉइल बदलत बसतात. पेट्रोल लांब ठेवून, प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढा. निळी, कडक ठिणगी हवी.

करंट असेल तर दोष बहुतेक कार्बोरेटरमध्येच. नव्या पेट्रोलने तो निघत नाही, कारण जुनं पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेला पिवळट चिकटा जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोटीच्या, बारीक भोकात बसलेला असतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं सापडेल. टाकी पूर्ण रिकामी करा, फिल्टर बदला, कडक झालेला पाइप आणि हातपंपाचा रबरी फुगा नवा घ्या. फ्लोटची वाटी उघडून मेन आणि स्लो, दोन्ही जेट काढा, कार्ब क्लीनर मारा आणि हवा फुंका. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पितं.

आता पाणपंप. याकडे दुर्लक्ष झालं की खरा खर्च निघतो. आतल्या रबरी इंपेलरची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या चाकाची, पाती एकाच बाजूला वाकून ताठ होतात, मग ती पाणी ओढत नाहीत आणि इंजिन तापून पिस्टन चिकटतो. जुना कितीही बरा दिसला तरी नवाच बसवा. तापीच्या गाळात पंपाचं घरही घासतं. आतून चरे दिसले तर तेही बदला.

पहिल्यांदा चालू करताना पंखा काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करा. पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडालेली हवी. कोरडं तर अर्धा मिनिटही चालवू नका. बाजूच्या भोकातून पाण्याची धार आली नाही तर लगेच बंद करा. चालू होऊन दोन मिनिटांत मरत असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिलेला असतो.

प्रश्न : पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकावं?

उत्तर : ५०:१ च्या, म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागणाऱ्या इंजिनाला लिटरमागे २० मिली. पडून असलेल्याला पहिली टाकी ४० मिलीने द्या. धूर होईल, होऊ द्या. ऑइल होडीच्या इंजिनाचंच, म्हणजे टीसी-डब्ल्यू३ घ्या. मोटरसायकलचं वापरल्यास प्लगवर राख धरते.

प्रश्न : खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल ताकासारखं पांढरं निघालं.

उत्तर : पाणी शिरलंय. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, पंख्याच्या शाफ्टचे सील बदला. तिथे बहुतेक वेळा जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडतो. नवं ऑइल खालच्या स्क्रूच्या भोकातून भरत जा, वरच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा, दोन्हीला नवे वायसर.