घरच्यांना खरंच विचारतात का?

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी टाइप वन मधुमेह निघाला, दिवसाला चार इंजेक्शनं. अमेरिकेतला माझा भाऊ सांगत होता, तिकडे या आजाराच्या मृत रुग्णांचं स्वादुपिंड संशोधनासाठी जपून ठेवतात. घरच्यांना खरंच विचारतात का? की दुसऱ्या रुग्णासाठी दिलेला अवयव परस्पर वळवतात? विचाराने झोप लागत नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, विचारतात. भाऊ बहुधा फ्लोरिडा विद्यापीठातल्या ‘एनपॉड’ या मधुमेही दात्यांची स्वादुपिंडं संशोधनासाठी जमवणाऱ्या प्रकल्पाबद्दल बोलला असेल, हे काम २००७ पासून चालू आहे. संशोधनासाठी संमती घेतल्याशिवाय ते ऊती स्वीकारत नाहीत. आणि टाइप वन असलेल्याचं स्वादुपिंड प्रत्यारोपणाला चालतच नाही, त्यामुळे कुणा रुग्णाच्या तोंडचा घास काढला जात नाही.

जिवंतपणी तुकडा का घेत नाहीत, असंही मनात येईल. नॉर्वेत नुकतंच निदान झालेल्या सहा प्रौढांनी स्वखुशीने तो दिला होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यातल्या काहींना त्रास झाला आणि पुढचे रुग्ण घेणं थांबवलं. योग्यच केलं.

मला खटकतं ते वेगळंच. स्वादुपिंड मृत्यूनंतर स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळू लागतं, म्हणून सगळी घाई. त्या घाईत, रडून डोळे सुजलेल्या आईसमोर संमतीपत्र ठेवायचं! ते तिच्या भाषेत, शांतपणे वाचून दाखवलंच पाहिजे. पुढे यातून एखाद्या कंपनीला नफा होऊ शकतो, जनुकांची तपासणीही होऊ शकते, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं हवं. ‘नाही’ म्हटलं तरी कुणी नाराज होणार नाही, हेही तिला सांगायला हवं.

मी पॅथॉलॉजी शिकवते. अशा दात्यांच्या ऊतींची चित्रं पडद्यावर लावते. गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात इन्शुलिन दाखवणारे तपकिरी ठिपके शोधावे लागतात. वीस-तीस वर्षं आजार काढलेल्यांच्या ऊतींतही ते अधूनमधून सापडले आहेत. इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी या आजारात साऱ्याच मरतात, असं आम्ही विद्यार्थीदशेत पाठ केलं होतं. ते चूक होतं, हे या दात्यांमुळे कळलं.

चित्रासोबत नाव नसतं. क्रमांक, वय, आजाराची वर्षं एवढंच. एकदा वय होतं १३. नाव मला कळायला नकोच. पण त्या दिवशी भिंगाखालचं काही बोलण्याआधी मी ते वय वर्गात मोठ्याने वाचलं. आता दर वेळी वाचते.