दृश्यमानता नव्हे, दृश्यीकरण

ग्वाल्हेरहून प्रश्न आलाय: महासंगणकावरच्या सिम्युलेशनमधून निघालेला प्रचंड डेटा चित्ररूपात दाखवतात, त्याला 'डेटाची दृश्यमानता' म्हणावं का?

मुळीच नाही. पौषातल्या धुक्यात लष्कर भागातून किल्ला दिसेनासा होतो, तेव्हा दृश्यमानता घटलेली असते. ती हवेची स्थिती झाली, कुणी केलेलं काम नव्हे. तरी हा शब्द सादरीकरणांत सर्रास ऐकू येतो.

शब्द आहे दृश्यीकरण. यातला 'श्यी' दीर्घ, कारण तिथे च्वि प्रत्यय आहे (पाणिनीच्या अष्टाध्यायीतलं सूत्र ५.४.५०). वार्तिकाने, म्हणजे सूत्रावरच्या पूरक टिपेने, त्याला अट घातली: अभूततद्भाव, म्हणजे जे तसं नव्हतं ते तसं होणं. शुद्धीकरण, स्पष्टीकरण, भस्मीभूत ही सगळी त्याचीच घडण. स्वीकारसुद्धा! जे 'स्व' नव्हतं ते 'स्व' करणं. आणि गंमत अशी की हा प्रत्यय स्वतः पूर्ण लोपतो. च्, व्, इ यांतलं काही उरत नाही. आधीच्या 'अ'चा 'ई' तेवढा करून जातो.

'दृश्य म्हणजे दिसणारंच, मग त्याचं करण कसलं?' असा आक्षेप काही पंडित घेतात. त्यांनी च्वि नीट पाहिलेला नाही. सिम्युलेशनमधल्या प्रवाहाच्या दाबाला कुठे रंग असतो? तो आपण द्यायचा. इंद्रधनुषी रंगपट्टी दिली तर पिवळ्यापाशी नसलेली कड दिसते. व्हिरिडिससारखी, उजळपणा एकसारखा वाढत जाणारी पट्टी घ्यावी. पट्टीची किमान-कमाल मर्यादा सगळ्या क्षणांना एकच ठेवावी, नाहीतर तोच दाब दर चित्रात वेगळ्या रंगाचा होतो. 'चित्रीकरण' सुचवणाऱ्यांनाही हेच उत्तर: कॅमेऱ्यासमोर असलेलं टिपतात, इथे समोर काहीच नसतं.

असतात ते नुसते आकडे. प्रत्येक बाजूला ४०९६ बिंदू असलेल्या घनाकृती जाळीत ६८.७ अब्ज बिंदू होतात. वेगाचे तीन घटक, दाब, घनता असे पाच आकडे, प्रत्येकी ८ बाइट: एका क्षणाचे २.७५ टेराबाइट. फोर-के पडद्यावर पिक्सेल ८३ लाख, म्हणजे एका पिक्सेलमागे ८,३०० च्या आसपास बिंदू. प्रत्येक दिशेला दर चौथा बिंदू घेतला तर डेटा चौसष्टावा हिस्सा उरतो, पण बारीक भोवरे गळतात. शेजारच्या बिंदूंचा ठोकळा करून सरासरी घेतली तर टोकाचे आकडे बुजतात; म्हणून प्रत्येक ठोकळ्याची किमान आणि कमाल किंमतही जपावी.

एवढं डिस्कवर लिहिणंच परवडत नाही, म्हणून पॅराव्ह्यू या दृश्यीकरणाच्या सॉफ्टवेअरच्या कॅटॅलिस्टसारखी साधनं गणित चालू असतानाच मेमरीतल्या आकड्यांवरून चित्र काढतात आणि बहुतेक क्षणांचे आकडे सोडून देतात. थेट च्विसारखं: स्वतः लोपायचं, काम मागे ठेवायचं! मात्र कॅमेऱ्याचा कोन, कोणत्या दाबाचं समपृष्ठ (तेवढाच दाब असलेल्या बिंदूंतून जाणारा पृष्ठभाग) काढायचं, हे आधी ठरवावं लागतं. चुकलं तर गणित पुन्हा चालवा. म्हणून एकाच क्षणाची अनेक कोनांतून चित्रं साठवतात, अधूनमधून एखाद्या क्षणाचे पूर्ण आकडेही. जाळीचे तुकडे अनेक प्रोसेसरांत वाटलेले असतात; शेजारच्या प्रोसेसरकडच्या बिंदूंच्या निदान एका थराची प्रत प्रत्येकाजवळ हवी, नाहीतर समपृष्ठाला तुकड्यांच्या सीमांवर चिरा पडतात.

गणित चालू असतानाच चित्र काढण्याला 'जागच्या जागी दृश्यीकरण' म्हणा. आणि कृपा करून पोटफोडा 'ष' घालून 'दृष्यीकरण' लिहू नका. तो 'दृष्टी'त शोभतो, 'दृश्या'त नाही.