राबलेल्या माणसाच्याही मांड्या म्हातारपणी का वाळतात?

तुम्ही विचारलंय, जन्मभर वावरात राबलेल्या आबाजींचे पाय सत्तरीनंतर असे काड्या का झाले. वय आहेच: तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाही कमी होतात.

पण आपल्या खेड्यात खरा घोळ मला ताटात दिसतो. दात पडले की ज्वारीची भाकर पातळ वरणात कुस्करायची, रात्री नुसता चहा-टोस्ट. पोट भरतं, प्रथिनं पोचत नाहीत. आणि म्हाताऱ्या शरीराला ती तरुणापेक्षा जास्तच लागतात, किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). घट्ट वरण, अंडं, दही, मऊ शिजवलेला हरभरा बिनदाताच्या तोंडालाही जमतो.

दुसरी वैरीण म्हणजे बाज. तापानंतर 'आराम करा' म्हणत आठ-दहा दिवस निजवून ठेवलं की मांड्या उतरल्याच. मे महिन्याच्या उन्हात तर घरचे ओसरीवरूनही उठू देत नाहीत! शुगर असेल तर झीज आणखी.

वजन दोन-तीन महिन्यांतच झपाट्यानं उतरलं असेल, तर मात्र वयावर ढकलू नका. टीबी, थायरॉईड तपासून घ्या.